शेडमधली ‘बॉम्बार्डिअर’: पाटी नसलेल्या एका बर्फगाडीची ओळख

पार्श्वभूमी

कॅनडात रॉकी पर्वताच्या कुशीतल्या एका लहान गावात स्थानिक इतिहासाचं संग्रहालय आहे. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. तिथे मी दर शनिवारी स्वयंसेवक म्हणून जातो. शिक्षण मेकॅनिकलचं; पण या कामात जास्त उपयोगी पडल्या त्या सांगलीत मामाच्या गॅरेजमध्ये घालवलेल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या. गाडीखाली पुठ्ठा टाकून उताणं झोपायचं आणि हात लावण्याआधी आधी नुसतं बघायचं, हे मामाने शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये एका कुटुंबाने संग्रहालयाला एक जुनी बर्फगाडी देऊ केली. डोंगरावर त्यांचं स्कीइंगसाठी येणाऱ्यांचं विश्रामगृह होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि मागच्या शेडमध्ये ही गाडी पडून होती. चाकांऐवजी दोन्ही बाजूंना पट्टे. आपल्याकडे चेनवालं पोकलेन म्हणतात ना, तशी रचना, पण आकाराने जीपएवढी. वर प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याची केबिन, लाल रंग, तोही ठिकठिकाणी पोपडे धरलेला. पुढे एक फोर्डचं इंजिन. कारखान्याची पाटी कुठेच नाही. डॅशबोर्डवर पाटीच्या जागी चार भोकं तेवढी उरलेली.

देणगीच्या कागदावर नातवाने लिहिलं होतं: ‘बॉम्बार्डिअर, १९४८ सालची.’

अडचण

गाडी मिळाली याचा आनंद होताच, पण तीन कामं तिच्या नावावर अडली होती. हिवाळ्यात नवं दालन उघडायचं होतं, त्यासाठी फलक हवा होता. दुरुस्तीच्या अनुदानाच्या अर्जात ‘यंत्राचा प्रकार व काळ’ असा रकाना होता. आणि सगळ्यात घाईचं म्हणजे डावा पट्टा तुटलेला होता. एका सहकाऱ्याने देणगीच्या कागदावर विश्वास ठेवून बॉम्बार्डिअरचे रबरी पट्टे बनवणाऱ्या एका दुकानाला आगाऊ रक्कमही पाठवून दिली होती.

नावं मात्र चार ऐकू येत होती. कुटुंब म्हणत होतं बॉम्बार्डिअर. स्की-लिफ्टवर आयुष्य काढलेले एक निवृत्त मेकॅनिक इंजिनाकडे बोट दाखवून म्हणाले, “ही थिओकोल.” समितीतल्या एका गृहस्थांच्या मते ती टकर स्नो-कॅट. युद्धसामग्रीचा नाद असलेला एक तरुण दोन मिनिटं गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, “वीझल असेल.” त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. तो प्रत्येक जुन्या वस्तूत महायुद्ध बघतो, असा त्याचा लौकिक होता.

कुटुंबाच्या सांगण्यात खोटेपणा नव्हता, हे इथेच सांगायला हवं. आपल्याकडे खोदणारं कुठलंही पिवळं यंत्र जेसीबी असतं आणि कुठलंही वनस्पती तूप डालडा. कॅनडाच्या खेड्यांत बर्फगाडीच्या बाबतीत तोच मान बॉम्बार्डिअरला आहे. क्वेबेकमधल्या व्हालकूर गावच्या जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिअर यांचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद असल्याने त्याला दवाखान्यात नेता आलं नाही, आणि तो दगावला. बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या मागे ते आधीपासूनच होते. १९३७ मध्ये त्यांना स्प्रॉकेट (पट्टा ओढणारं दात्यांचं चाक) आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं, आणि सात माणसांची बी-७ व पुढे बारा माणसांची बी-१२ या गाड्यांनी डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुलं वाहिली. त्यामुळे आजोबांची गाडी कुणाचीही असली तरी घरात तिला बॉम्बार्डिअर म्हणणं स्वाभाविक होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा होता: देणाऱ्याने सांगितलेलं नाव फलकावर लिहायचं आणि मोकळं व्हायचं. लहान संग्रहालयांत असं सर्रास चालतं. दुसरा, फोटो काढून जाणकारांना पाठवायचे. तिसरा, केबिन उतरवून गाडी उघडायची. चौथा, काहीही न उघडता आधी खालून स्वच्छ करून मोजमाप घ्यायचं.

फोटोंचा मार्ग आम्ही थोडा वापरून पाहिला, पण लोक फोटोत आधी केबिन बघतात आणि आमची केबिन कुठल्याच कारखान्याची नव्हती. खिडक्यांच्या चौकटी हाताने रंधलेल्या होत्या. केबिन उतरवायला व्यवस्थापक बाईंनी ठाम नकार दिला. “जे परत जसंच्या तसं बसवता येणार नाही ते उतरवायचं नाही,” असा त्यांचा नियम. तेव्हा मला तो जाचक वाटला होता.

उरला चौथा. पण तिथे पोचायच्या आधी आम्ही दोन चुका केल्या.

पहिली चूक: इंजिनावर विश्वास

इंजिन समोर दिसतं, त्यावर आकडे असतात, आणि आकडे दिसले की इंजिनिअरला धीर येतो. माझंही तेच झालं. सहा सिलिंडरच्या त्या ब्लॉकवर घासपूस केल्यावर ‘सी-४-डी-ई’ने सुरू होणारा ओतीव क्रमांक, म्हणजे भाग ओततानाच साच्यातून उमटलेला क्रमांक, निघाला. फोर्डच्या पद्धतीत पहिलं अक्षर दशक सांगतं. सी म्हणजे १९६० चं दशक. पुढचा आकडा वर्ष, म्हणजे १९६४. त्यापुढचं डी म्हणजे फाल्कन ही मोटार आणि ई म्हणजे इंजिन विभाग.

झालं! युटा राज्यातल्या लोगन शहरी थिओकोल कंपनीच्या बर्फगाड्या बनत. कंपनीचं नाव मुख्यतः रॉकेटच्या घन इंधनासाठी. तिच्या लहान गाड्यांत, उदाहरणार्थ दोन माणसांच्या ‘इंप’मध्ये, फोर्डची अशीच सहा सिलिंडरची इंजिनं असत. निवृत्त मेकॅनिककाकांचा अंदाज जुळला, काळ जुळला, आकार साधारण जुळला. सुकाणूचक्राऐवजी दोन दांडे होते, तेही जुळलं. जवळजवळ तीन आठवडे आम्ही ही थिओकोल समजून चालत होतो. मी तर फलकाचा मसुदाही लिहिला होता. त्यात १९७८ मध्ये हा व्यवसाय मोटार-उद्योजक जॉन डिलोरियन यांनी विकत घेतला आणि गाड्यांवर ‘डीएमसी’ ही अक्षरं आली, पुढे ‘एलएमसी’ आली, ही चटकदार माहितीसुद्धा घातली होती.

अशा गाडीत सर्वांत आधी बदलला जाणारा भाग म्हणजे इंजिन, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मामाच्या गॅरेजमध्ये ॲम्बेसेडरला डिझेल इंजिन बसवलेलं मी स्वतः पाहिलंय. ते बघून कुणी त्या गाडीला वेगळ्या कंपनीची म्हटलं नव्हतं. शिवाय ओतीव क्रमांक तो भाग आखला गेला ते वर्ष सांगतो. विशिष्ट ब्लॉक कधी ओतला, ते इंजिन या गाडीत कधी बसलं, यांपैकी काहीही तो सांगत नाही.

शंका आली ती इंजिनाच्या पायांमुळे. ज्या बैठकीवर इंजिन टेकवलं होतं ती जाड पट्टी गॅसने कापलेली, कडा ओबडधोबड, आणि तिच्या शेजारी दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाच्या मूळ बैठकीची भोकं. कारखाना असं काम करत नाही.

दुसरी चूक: धुणं

ही अधिक महागात पडली. शंका आली म्हणून गाडी खालून बघायची ठरली, आणि खाली तर मातीचे, ग्रीसचे आणि पाइनच्या सुयांचे थर. एका उत्साही स्वयंसेवकाने शेजाऱ्याचं गरम पाण्याचं प्रेशर वॉशर आणलं. मी तिथेच उभा होतो, मीही अडवलं नाही. अर्ध्या तासात डावी बाजू चकचकीत झाली. लाल रंगाचे सैल पोपडे उडाले, त्यांच्या खालच्या हिरवट थराचाही काही भाग गेला.

रात्री व्यवस्थापक बाई धुण्याच्या आधीचे फोटो लावत बसल्या होत्या. त्यांतल्या एकात, तिरप्या उन्हात, लाल रंगाखालून उठून आलेले पांढरे आकडे दिसत होते. छापा ठेवून रंगवलेले, लष्करी वळणाचे. त्यातले तीन वाचता येत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही बॅटरी घेऊन तिथे गेलो तेव्हा त्या जागी स्वच्छ पत्रा होता.

सगळा क्रमांक असता तर गाडी कोणत्या मागणीतली, साधारण कधीची, हे शोधता आलं असतं. तीन आकड्यांवर काही होत नाही.

खाली काय दिसलं

यानंतर काम माझ्यावर आलं. उजवी बाजू लाकडी उलथन्याने, ब्रशने आणि थोड्या केरोसीनने हळूहळू साफ करायची. पुठ्ठा अंथरला, डोक्याला दिवा बांधला, आणि सुरुवात केली ती पट्टा ज्यावर फिरतो तिथून. चालक केबिन बदलतो, इंजिन बदलतो, दिवे आणि खुर्च्या बदलतो. पण पट्ट्याखालची चाकं, स्प्रिंगा आणि दात्यांचं चाक ही एकमेकांत अशी गुंतलेली असतात की त्यांतलं एकच बदलून भागत नाही. म्हणून ती सहसा मूळची राहतात.

आधी जी नावं सहज बाद होतात ती केली. टकरच्या नामांकित गाड्यांना चार पट्टे असतात, चारही स्वतंत्र. ओरेगनमधल्या मेडफर्डला बनणाऱ्या या गाड्यांत पुढचा आणि मागचा आख सुकाणूचक्राने वळतो. मॉडेलच्या क्रमांकातला मधला आकडाच पट्ट्यांची संख्या सांगतो: ४४३ ला चार, ३२३ ला दोन आणि पुढे स्की. ब्रिटिश संशोधक व्हिव्हियन फुक्स यांनी १९५७-५८ मध्ये अंटार्क्टिका पार केली ती ७४३ जातीच्या टकरांवर. आमच्या गाडीला पट्टे दोनच, पुढे स्की बसवायची काहीच सोय नाही, आणि वळवायला दांडे. टकर बाद.

बी-१२ तर त्याहून लवकर बाद झाली. तिचं शरीर लाकडी, बाजूला जहाजासारख्या गोल खिडक्या, इंजिन मागे आणि पुढे वळणाऱ्या दोन स्की. आमच्या गाडीशी तिचं साम्य प्लायवूडपुरतं. बॉम्बार्डिअरचाच १९५३ चा मस्केग ट्रॅक्टर मात्र विचारात घ्यावा लागला, कारण त्याला दोनच पट्टे आणि दांडे असतात. पण त्यात पट्टा ओढणारं दात्यांचं चाक पुढे असतं. आमच्या गाडीत ते मागे होतं आणि पुढचं चाक नुसतं फिरतं. स्वीडनची स्नो-ट्रॅकसुद्धा एकाने सुचवली होती. तिच्यात फोक्सवॅगनचं हवेने थंड होणारं इंजिन असतं, आणि दोन पट्टे असूनही ती सुकाणूचक्राने वळते, हे तिचं वैशिष्ट्य. तीही गेली.

आता थिओकोल. तिच्या लहान गाड्यांत पट्ट्यावर फिरणारी चाकं म्हणजे चक्क हवा भरलेले छोटे टायर. मी माती काढत गेलो आणि हाताला टायर लागलाच नाही. लागली ती तळहाताहून थोडी मोठी, रबराची कड असलेली लोखंडी चाकं, जोडीजोडीने, एकामागे एक भरपूर. आणि त्यांच्यामागे, गाडीच्या या बाजूकडून त्या बाजूकडे आडवे गेलेले पाटे. ट्रकच्या पाट्यांसारखेच, पण ट्रकमध्ये ते लांबीच्या दिशेने असतात. आडवे पाटे पाहिल्यावर मी काही क्षण तसाच पडून राहिलो.

मग टेप लावली. पट्ट्याची रुंदी वीस इंच. पट्टा म्हणजे अखंड रबराच्या पट्ट्यांवर जडवलेल्या पोलादी पात्या. गाडीच्या बुडाला सांगाडा असा नव्हताच. सगळं मिळून एक पत्र्याची परात, होडीसारखी बंद, आणि तिच्या तळाला पाणी काढून टाकायचे स्क्रूचे प्लग. स्कीच्या उतारावर फिरणाऱ्या ट्रॅक्टरला बुडात पाणी सोडायचे प्लग कशाला हवेत?

इंजिन पुढे उजवीकडे, चालक त्याच्या डावीकडे, शाफ्ट मागे जाणारा, आणि मागच्या आखात दोन वेगांची निवड. केबिनमध्ये दुसरा एक बुटका दांडा होता, जो आम्ही सगळ्यांनी हँडब्रेकचा समजून सोडून दिला होता. तो याच निवडीचा निघाला.

युद्धवेड्या तरुणाचं बरोबर होतं.

वीझल म्हणजे काय

वीझल हा मुंगसासारखा दिसणारा, बर्फातही शिकार करणारा छोटा प्राणी. त्याच्या नावाची ही गाडी, लष्करी नाव एम-२९. हिची कल्पना जेफ्री पाइक या विक्षिप्त ब्रिटिश माणसाची: दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेच्या बर्फात थोडे सैनिक उतरवायचे आणि त्यांनी जलविद्युत केंद्रं उडवायची. त्याच्या डोक्यात तर मळसूत्रासारखी फिरत जाणारी गाडी होती. अमेरिकेत इंडियानाच्या साउथ बेंडमधल्या स्टुडबेकर या मोटार कंपनीने बनवली ती मात्र पट्ट्यांची. नॉर्वेची मोहीम बारगळली, गाडी राहिली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १५,००० तयार झाल्या. मूळ इंजिन स्टुडबेकर चॅम्पियन मोटारीचं, सहा सिलिंडर, २.८ लिटरच्या आसपास. पट्टे इतके रुंद की जमिनीवर पडणारा दाब माणसाच्या पावलापेक्षा कमी.

युद्धानंतर या गाड्या लिलावात निघाल्या आणि जगभर पांगल्या. पोल-एमिल व्हिक्टर यांच्या फ्रेंच मोहिमेने त्या ग्रीनलँडवर नेल्या. १९४९-५२ च्या नॉर्वे-ब्रिटन-स्वीडनच्या अंटार्क्टिक मोहिमेत एक वीझल बर्फाच्या कड्यावरून समुद्रात गेली आणि तिघे बुडाले. फुक्स यांच्या ताफ्यातही टकरांसोबत वीझल होत्या, आणि बॉम्बार्डिअरचा एक मस्केगही. म्हणजे आमच्या गावात ज्या नावांवरून वाद चालला होता त्यांतली तीन यंत्रं एकाच वेळी दक्षिण ध्रुवाकडे निघाली होती.

(हा प्रांत आपल्याला परका आहे असं वाटत असेल तर एक आठवण: भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांचं काम गोव्यात वास्कोहून चालतं, आणि तिथल्या आपल्या तळांवरही पट्ट्यांच्या बर्फगाड्या आहेत, जर्मनीच्या पिस्टनबुली. त्या वेगळ्या पिढीच्या.)

एक उपप्रश्न उरला. वीझल दोन प्रकारच्या: साधी एम-२९ आणि पाण्यात चालणारी एम-२९-सी. दुसरीला पुढे-मागे हवेच्या टाक्या जोडत, त्यामुळे ती सव्वातीन मीटरऐवजी पाच मीटरच्या जवळ जाई. मागे दोन सुकाणू असत. आमच्या गाडीला टाक्या नव्हत्या, पण त्या काढता येण्याजोग्या असतात आणि युद्धानंतर पुष्कळांनी काढून टाकल्या. मी पुढच्या आणि मागच्या पत्र्यावरून नुसता तळहात फिरवला. रंगाखाली ओळीने बुजवलेली भोकं लागली, दोन्ही टोकांना सारखी. मागे दोन बाजूंना कापलेल्या बिजागऱ्यांचे खुंट होते. डोळ्याला ते दिसत नव्हते. हाताला लगेच कळले. तरुणाला बोलावून त्याचाही हात फिरवला. तो काही बोलला नाही, फक्त हसला. तीन आठवडे त्याचं ऐकून घेतलं नव्हतं याची मला शरम वाटली.

शेवटची खात्री रंगाची. बॅटरीच्या पेटीखाली, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळात बारीक पॉलिशपेपरने थर उतरवत गेलो, बाहेरच्या कडेकडून आत. लाल, त्याखाली दुसरा गडद लाल, मग पिवळा, आणि पिवळ्याखाली मंद, मातकट हिरवा. झाडाच्या खोडाच्या वळ्यांसारखं ते वर्तुळ दिसत होतं.

निर्णयाचा क्षण

ओळख पटली म्हणजे काम संपलं असं मला वाटलं होतं. खरा वाद तिथून सुरू झाला.

बातमी पसरल्यावर दुसऱ्या प्रांतातल्या एका संग्राहकाने देऊ केलं की मूळ स्टुडबेकर इंजिन, हवेच्या टाक्या आणि वीस इंची पट्ट्यांची जोडी तो देईल. अट एकच: लाल केबिन काढून टाकून गाडी १९४५ ची दिसेल अशी करायची, आणि वर्षातले काही महिने ती त्याच्या प्रदर्शनांना द्यायची. अनुदानाच्या दृष्टीनेही युद्धकालीन वाहन हा अर्ज अधिक वजनदार झाला असता. मी या बाजूने होतो. मला ते दुसऱ्याच मोटारीचं इंजिन आणि सुताराने बांधलेली केबिन म्हणजे विद्रूपीकरण वाटत होतं.

व्यवस्थापक बाई विरुद्ध होत्या. त्यांचा मुद्दा असा की ही गाडी सैन्यात फार तर दोनेक वर्षं असेल आणि आपल्या गावात पन्नास वर्षं आहे. एम-२९ इतर संग्रहालयांतही बघायला मिळते; ही केबिन दुसरीकडे कुठेच नाही. समितीत मतं अर्धी-अर्धी झाली आणि निर्णय पुढे ढकलला.

तो फिरला एका दुपारी. देणाऱ्या कुटुंबातल्या आजी गाडी बघायला आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, काठी टेकत. युद्ध, स्टुडबेकर, पाइक यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. त्या सरळ केबिनच्या डाव्या दाराशी गेल्या, तिथल्या जाड, गोलसर, क्रोमच्या कडीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हे आमच्या फ्रीजचं हँडल. फ्रीज मोडला तेव्हा यांनी काढून इथे बसवलं.” मग एकेक गोष्ट निघाली. पाहुण्यांचं सामान, दूध, टपाल, पाय मोडलेले स्कीवाले, आणि एकदा प्रसूतीच्या कळा सुरू झालेली एक बाई, सगळं याच दारातून आत-बाहेर गेलेलं. मूळ इंजिन कधी निकामी झालं आणि फोर्डचं कुठून आलं, तेही त्यांना आठवत होतं: दरीत गेलेल्या एका मोटारीतून.

मी ते कागदावर लिहून घेत होतो, आणि मला दिसत होतं की ‘खरं रूप’ म्हणून जे मी परत आणू पाहत होतो त्यासाठी ही कडी कचऱ्यात जाणार होती. पुढच्या बैठकीत मी मत बदललं. फ्रीजच्या हँडलपुढे माझं सगळं अभियांत्रिकी ज्ञान लंगडं पडलं, असं एकाने चेष्टेने म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

काय केलं आणि काय निष्पन्न झालं

केबिन, फोर्डचं इंजिन, लाल रंग सगळं जसंच्या तसं ठेवलं. गंज थांबवला, सैल पोपडे बसवले, प्लायवूडला आतून आधार दिला. तुटलेला पट्टा तुटलेलाच आहे. गाडी खाली लाकडी ठोकळ्यांवर टेकवली आहे म्हणजे स्प्रिंगांवर भार नाही. गाडी चालणार नाही हे मुलांना आवडत नाही, पण ते दरवाजा उघडून आत बसू शकतात.

संग्राहकाला नम्रपणे नकार कळवला. तो रागावला नाही. एका तुटक्या पातीच्या बदल्यात त्याने तशीच एक सुटी पाती पाठवली. ती हातात धरून बघायला शेजारी ठेवली आहे. पट्ट्यांच्या दुकानाने मागणी रद्द केली, पण आगाऊ रकमेतला काही भाग परत मिळाला नाही. ते पट्टे आले असते तर आमच्या दात्यांच्या चाकावर बसलेच नसते. अनुदान मिळालं, मागितलं होतं त्याहून कमी.

फलकावर दोन ओळींत दोन जन्म लिहिले: ‘एम-२९-सी वीझल, स्टुडबेकर, साउथ बेंड, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांतली. केबिन आणि इंजिन इथल्याच माणसांनी बदललेलं.’ खाली बारीक अक्षरांत: ‘घरचं नाव: बॉम्बार्डिअर.’ नेमकं वर्ष घातलं नाही. तीन आकड्यांवर ते घालणं म्हणजे थाप झाली असती.

काय वेगळं करता आलं असतं

धुण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो, तेही तिरप्या उजेडात, हे आता आमच्याकडे लेखी नियम म्हणून आहे. अंधारात बॅटरी पत्र्याला जवळजवळ चिकटवून धरली की रंगाखालची अक्षरं उठून येतात. प्रेशर वॉशरला आता परवानगी लागते, आणि ती परवानगी मी देऊ शकत नाही.

आजींना पहिल्याच आठवड्यात बोलवायला हवं होतं. आम्ही नातवाच्या कागदावर थांबलो, कारण सही त्याची होती. इंजिन कुठून आलं हे त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं तर थिओकोलचे तीन आठवडे वाचले असते.

बघण्याचा क्रमही उलटा होता. आता कुठलीही अनोळखी पट्ट्यांची गाडी आली तर मी आधी पट्टे मोजतो, मग स्कीच्या खुणा शोधतो. दात्यांचं चाक पुढे की मागे, वळवायला चक्र की दांडे, पट्ट्यावर टायर फिरतो की लोखंडी चाक, स्प्रिंग कुठल्या दिशेने, हे त्यानंतर. केबिन आणि इंजिनाकडे सगळ्यात शेवटी बघतो. दांड्यांवरून मी सुरुवातीला फार मोठा निष्कर्ष काढला होता. दांडे टकर, बी-१२ आणि स्नो-ट्रॅक यांना बाद करतात एवढंच. मस्केग, थिओकोल आणि वीझल तिघींनाही दांडेच.

पाटीची चार भोकं मात्र अजून खुपतात. आजींना ती पाटी आठवते. त्यांच्या मते यजमानांनी ती काढून घरात कुठल्या तरी डब्यात ठेवली होती. खिळे, जुन्या किल्ल्या, बटणं यांचे असे अकरा डबे कुटुंबाने आम्हाला दिले आहेत. चार उघडून झाले.